पाण्याखालच्या हिशेबाचा मागोवा

सातपुड्याच्या पायथ्याशी, एलिचपूरच्या जुन्या लष्करी छावणीतून वाढलेल्या आणि मेळघाटच्या सागवानावर नावारूपास आलेल्या परतवाड्याचा पाणबुड्यांच्या विद्येशी काही संबंध पोहोचत असेल, असे नकाशा पाहणाऱ्या कोणासही वाटणार नाही; तथापि समुद्रसपाटीपासून साडेतीनशेहून अधिक मीटर उंचीवर वसलेले हे गाव, स्वतःस काहीही ठाऊक नसताना, त्या विद्येतील एका सीमारेषेच्या पलीकडे जाऊन पडले आहे. फिनलंडच्या सुंटो कंपनीच्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरांत, म्हणजे बुडी मारणाऱ्याबरोबर पाण्यात उतरून त्याच्या खोलीचा व वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रांत, उंचीचे तीन वर्ग पाडलेले असत. शून्य ते तीनशे मीटर हा पहिला, तीनशे ते पंधराशे हा दुसरा आणि पंधराशे ते तीन हजार हा तिसरा. मालवणच्या समुद्रात पहिल्या वर्गावर ठेवून जे यंत्र निर्वेध चालते, तेच परतवाड्याजवळच्या सापन प्रकल्पाच्या जलाशयात उतरण्यापूर्वी दुसऱ्या वर्गावर आणावे लागते. कारण येथील हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा सुमारे चार टक्क्यांनी उणा, आणि पाण्यातून वर येणाऱ्या माणसाच्या रक्तात विरघळलेला नायट्रोजन या उण्या दाबाखाली अधिक आतुरतेने बुडबुड्यांचे रूप घेऊ पाहतो.

देहात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा हा हिशेब प्रथम मांडला तो जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. खोल पाण्यातून वर आलेले पाणबुडे सांधेदुखीने विव्हळत, क्वचित लुळे होत वा मरत, याचा उलगडा करण्यासाठी ब्रिटिश आरमाराच्या सांगण्यावरून त्यांनी शेळ्यांना दाबाच्या कोठडीत कोंडून प्रयोग केले आणि बॉयकॉट व डॅमंट या सहकाऱ्यांसह १९०८ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. देहातील निरनिराळे धातू वायू निरनिराळ्या गतीने शोषतात व सोडतात, असे गृहीत धरून त्यांनी पाच, दहा, वीस, चाळीस आणि पंचाहत्तर मिनिटांच्या अर्धकालाचे पाच काल्पनिक कप्पे पाडले, आणि किती खोलीवर किती वेळ काढल्यास वर येताना कोठे किती थांबावे, याची कोष्टके त्यांवरून रचली. (याच हॉल्डेनांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन लहानपणी पाणबुड्याचा पोशाख चढवून वडिलांच्या प्रयोगासाठी समुद्रात उतरला होता. पुढे तो भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तला. वडिलांच्या कोष्टकांपेक्षा मुलाचे नाव आपल्याकडे अधिक ऐकिवात असावे, हे एका अर्थी आपल्या देशाच्या पदरी पडलेले दानच.)

त्या पाच कप्प्यांविषयी ध्यानात ठेवावयाची गोष्ट अशी, की ते कोणत्याही देहात सापडत नाहीत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. कारण दोनचार निवडक शेतांतल्या पिकावर नजर टाकून साऱ्या गावाची जी आणेवारी ठरते, तिच्यावर त्याचे पोट आणि सरकारी सारा दोन्ही अवलंबून असतात, आणि त्याच्या स्वतःच्या वावरात काय पिकले हे त्या दप्तरात कोठेच नमूद नसते. नायट्रोजनच्या हिशेबासाठी डाइव्ह कॉम्प्युटरही मुख्यतः दोनच गोष्टी खरोखर मोजतो, एक दाब आणि दुसरा काल. देहातील नायट्रोजनचा जो आकडा तो दाखवितो, तो आणेवारीच्या जातीचा आहे.

कोष्टकांचे राज्य पाऊण शतक अबाधित चालले. बुडीचा सर्व वेळ आपण कमाल खोलीवरच घालविला असे कोष्टक धरून चालत असल्याने, तळाशी क्षणभर जाऊन उरलेला वेळ उथळ पाण्यात काढणाऱ्यास नाहक दंड भरावा लागे. १९८३ साली अमेरिकेत ‘एज’ या नावाचे यंत्र आले आणि प्रत्येक क्षणाच्या खोलीचा निराळा हिशेब ठेवणारी विद्युत्‌यंत्रे खऱ्या अर्थाने पाणबुड्यांच्या हाती पडली. त्याच वर्षी झुरिचचे डॉ. आल्बर्ट ब्यूलमान यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आल्प्स पर्वतातील सरोवरांमुळे स्वित्झर्लंडला उंचीचा प्रश्न टाळणे शक्यच नव्हते, आणि म्हणून ब्यूलमानांच्या गणितात सभोवतालच्या हवेच्या दाबास आरंभापासूनच मानाचे स्थान मिळाले. हॉल्डेनांचे पाच कप्पे त्यांच्या हाती सोळा झाले. आजच्या असंख्य यंत्रांत तेच गणित चालते. समुद्रापासून दूर, डोंगराच्या कुशीत पाणी साठविणाऱ्या गावकऱ्यांनी या स्विस गृहस्थाचे ऋण मानावे, असे मला वाटते.

प्रारंभीच्या यंत्रांत पाणबुड्याने ठरवावे असे फारच थोडे होते. हळूहळू मात्र एकेक अधिकार त्याच्याकडे सोपविला गेला, आणि आज नवे यंत्र हाती घेणारा मनुष्य बुडीपूर्वी जणू स्वतःची कैफियतच लिहून देतो: पाणी गोडे की खारे, टाकीतील हवेत प्राणवायू शेकडा किती, आणि आपण किती जपून वर येणार. पहिल्या प्रश्नाने पुष्कळांचा गोंधळ होतो. यंत्र दाबावरून खोली काढते आणि गोडे पाणी खाऱ्याहून सुमारे तीन टक्के हलके. तेव्हा समुद्रासाठी योजलेले यंत्र सापनच्या पाण्यात तीस मीटरांना एकोणतीसच्या आसपास दाखविणार. नायट्रोजनचा हिशेब दाबावरच चालत असल्याने त्यास याची बाधा होत नाही. पण जलाशयात बुडालेल्याचा शोध घेणाऱ्या पथकाच्या पंचनाम्यात मात्र खोलीचा आकडा चुकीचा नोंदला जातो.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर. यंत्रात साधी हवा, म्हणजे एकवीस टक्के प्राणवायू, गृहीत धरलेली असताना टाकीत बत्तीस टक्क्यांचे मिश्रण असेल, तर सुमारे तेहतीस मीटरांखाली प्राणवायूच विषासमान होऊ लागतो याची वर्दी यंत्र देणार नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी ‘कमी, मध्यम, अधिक’ अशा पायऱ्यांत दिले जाई. १९९० च्या दशकात एरिक बेकर यांनी सुचविलेल्या पद्धतीने ते आता अनेक यंत्रांत दोन आकड्यांत, उदाहरणार्थ ४०/८५ असे, दिले जाते. पहिला आकडा पहिला थांबा किती खोल घ्यावयाचा ते ठरवितो, दुसरा पृष्ठभागी येताना देहावर किती भार शिल्लक चालेल ते.

सेटिंगपेक्षा अपडेटची हकीकत मला अधिक बोधप्रद वाटते. ‘अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स’ या यंत्राच्या १९९५ च्या सुमारास बनलेल्या नगांत एक दोष राहून गेला होता: दोन बुड्यांमधल्या काळात पाणबुड्या काठावर साधी हवा घेत असतो, हे न ओळखता यंत्र तो मिश्रणच श्वसत आहे असे धरी, आणि त्यामुळे देहातील नायट्रोजन खऱ्यापेक्षा कमी दाखवी. त्या काळी यंत्राचे गणित घरबसल्या बदलण्याची सोय नव्हती. २००३ साली ही यंत्रे परत मागवावी लागली. आज अशी दुरुस्ती ब्लूटूथवरून काही मिनिटांत उतरते. सोय निर्विवाद आहे. परंतु कोष्टक बदलत असे तेव्हा नवे पुस्तक छापले जाई, जुने बाजूस पडे, आणि बदल झाला हे कोणासही दिसे. आता तेच यंत्र, तोच पट्टा, तीच तबकडी, आणि आतील विधान मात्र निराळे. उदाहरणार्थ, वर येताना खोल पाण्यातच लवकर थांबे घेणे श्रेयस्कर, असे मत दशकभर गाजले. अमेरिकी आरमाराच्या प्रायोगिक केंद्राने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांनी त्यास मोठा धक्का दिला, आणि त्यानंतर अनेकांनी आपल्या यंत्रातील पहिला आकडा वाढविला. मत कोणते आहे हे ज्यास ठाऊक होते, त्यालाच ते बदलता आले. म्हणून प्रत्येक अपडेटसोबत येणारी बदलांची यादी वाचावी, नंतर सर्व सेटिंग पुन्हा तपासावी, आणि दोन बुड्यांच्या मध्ये हा उद्योग करू नये. बॅटरी बदलतानाही हीच दक्षता घ्यावी, कारण काही यंत्रे अशा वेळी आधीच्या बुडीचा नायट्रोजन विसरतात आणि त्याच पाणबुड्यास कोरा समजून नवी परवानगी देऊन मोकळी होतात.

इकडचे जे थोडे लोक ही विद्या शिकतात ते बहुधा तारकर्लीस, पर्यटन विकास महामंडळाच्या स्कूबा संस्थेत वा मालवणच्या आसपास. परतीच्या वाटेवर सह्याद्री आडवा येतो. विमानात बसण्यापूर्वी अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास थांबावे, असा जो दंडक आहे, तो घाट चढणाऱ्या मोटारीस कोणी लावून पाहत नाही. वास्तविक आंबोली सुमारे सातशे मीटर उंच. उथळ हौशी बुडीनंतर त्याचे भय नसावे, पण दोनतीन दिवस खोल उतरलेल्याने रात्री यंत्रातील ‘उड्डाण-निषेध’ संपल्याची खात्री करून मगच सकाळी घाट धरावा. सापनच्या काठावरून संध्याकाळी सहकुटुंब चिखलदऱ्यास जाण्याचा बेत आखणाऱ्यानेही हेच करावे. अकराशे मीटरांवरच्या त्या पठारापर्यंतची चढण मालवणहून आंबोलीच्या चढणीइतकीच भरते.