पदवीनंतरचे वेळापत्रक

अंबरनाथ पूर्वेला सकाळी स्टेशनकडे निघालेल्या गर्दीत पाठीला सॅक लावलेल्या मुलीही मुलांइतक्याच लगबगीने चाललेल्या दिसतात. कुणी कॉलेजला, कुणी सी.ए.च्या क्लासला, कुणी पहिल्याच नोकरीवर. चित्र सुखावणारे आहे. पण यांतल्या किती जणी दहा वर्षांनंतरही हीच गाडी पकडत असतील, असे विचारले की उत्तर अडखळते.

इथून तिसरे स्टेशन कल्याण. आनंदीबाई जोशी तिथल्या. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. पण १८८७च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच त्या गेल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडायला १९२२ साल उजाडले आणि स्त्रियांना वकिलीचे दार उघडणारा कायदा इथे १९२३ मध्ये झाला. पदवी एक आणि व्यवसाय दुसरा, हे अंतर तेव्हा उघड दिसत होते. कारण दाराला कुलूप होते.

आज कुलूप नाही. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१च्या अखिल भारतीय पाहणीत ४ कोटी १३ लाख विद्यार्थ्यांपैकी २ कोटी १ लाख मुली होत्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. अभियांत्रिकीत मात्र शंभरात तीसही नव्हत्या. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. खर्चाची सबब त्यामुळे बरीच लंगडी झाली.

पुढची आकडेवारी मात्र विचारात पाडते. केंद्र सरकारच्या २०२३-२४च्या श्रमशक्ती पाहणीनुसार शहरांतल्या पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे ७६ टक्के काम करत होते किंवा शोधत होते. स्त्रियांपैकी केवळ २८ टक्के. मग उरलेल्या जणी रिकाम्या बसल्या होत्या काय? २०१९च्या वेळवापर पाहणीत याचे उत्तर आहे. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७.

हा हिशेब अंबरनाथकरांनी लोकलच्या वेळापत्रकाशेजारी मांडून पाहावा. मुंबई इथून साठेक किलोमीटर. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास, कचेरीचे नऊ, वर घरचे पाच. साडेसतरा तास इथेच संपले. मग घरात बैठक बसते आणि ठरते, की कुणीतरी एकाने 'जवळची नोकरी' बघावी. ती बहुतेक वेळा तिनेच बघायची असते. शाळा, क्लास, अर्धवेळ हिशेबाचे काम. बारावीनंतर 'मुलीला बी.एड. बरे' असे जे आपण म्हणतो, त्यातही तिच्या आवडीपेक्षा सुटण्याच्या वेळेचाच विचार अधिक असतो. अभियांत्रिकीच्या वर्गातली तूट थोडीफार इथूनच सुरू होते.

अमेरिकेच्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे एक प्रतिपादन आपल्याकडेही तंतोतंत लागू पडते. जी कामे कधीही हाक मारतात, त्यांचा पगार तासांच्या मानाने फार अधिक असतो. सारख्याच पदवीच्या नवरा-बायकोपैकी एक जण त्या हाकेला ओ देतो आणि दुसरा घराच्या हाकेला. मूल झाले की ही वाटणी पक्की होते.

२०१७च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतला असो वा अन्य कुठला, त्याहून लहान कारखाना मात्र यातून मोकळा. खासगी नोकरीतल्या बापाला अशी रजा देणारा देशव्यापी कायदाच नाही. मूल सांभाळणे हे आईचेच काम, हे गृहीतक कायद्यानेही सोडलेले नाही.

लग्नाच्या बैठकीत 'मुलगी नोकरी पुढे करणार ना?' असे आता आपण मोकळेपणाने विचारतो. तो प्रश्न तिच्या पगाराचा असतो. 'मुलगा संध्याकाळी किती वाजता घरी येतो आणि आल्यावर काय करतो?' हेही मुलीच्या आईबापांनी न संकोचता विचारायला हवे. तिची पदवी कामाला लागणार की कपाटात राहणार, हे बरेचसे त्या उत्तरावर ठरते.