हिरवा रंग फसवतो

कृत्रिम उपग्रह समुद्राचा रंग टिपतो. त्यावरून पाण्यातील हरितद्रव्य कळते. हरितद्रव्य जास्त म्हणजे वनस्पतिप्लवक जास्त, म्हणजेच माशांची चंगळ, असे आपण म्हणू. पण विद्यार्थी मित्रांनो, जरा थांबा!

उत्तर अरबी समुद्रात पूर्वी हिवाळ्यात मुख्यतः करंडक वनस्पती, म्हणजे डायाटम, फोफावत. या एकपेशीय वनस्पतींचे कवच सिलिकेचे, झाकणाच्या डबीसारखे असते. कोपेपॉड नावाचे चिमुकले प्राणी त्यांना खातात आणि कोपेपॉडांना मासे. २००० सालानंतर मात्र तेथे हिरव्या नॉक्टिल्यूकाचा बहर येऊ लागला. हिची पेशी अर्धा ते एक मिलिमीटरची, नुसत्या डोळ्यांनी ठिपक्यासारखी दिसणारी. पोटात हिरवी शैवाले बाळगून त्यांच्याकडून अन्न करवून घ्यायचे आणि वर करंडकांनाही गिळायचे, असा तिचा दुहेरी प्रपंच. (भाडेकरूंनी रांधायचे, घरमालकाने जेवायचे!) एवढी थोराड पेशी कोपेपॉडांना पेलत नाही, ती जाते सॅल्प, जेलीफिश अशांच्या पोटात.

रंग दोन्ही वेळी हिरवाच. आम्हा प्रकाश मोजणाऱ्या भौतिकीवाल्यांची येथे पंचाईत होते. म्हणून बाटलीभर समुद्राचे पाणी आणून त्यात आयोडीनचे द्रावण घालतात, पेशी तळाशी बसू देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: पेशी केवढी, कवच आहे का, ती अन्न कसे मिळवते?