पेटीतली हवा आणि काचतंतूची गाडी

शेव्हरोलेची पहिली कॉर्व्हेट १९५३ साली मिशिगनमधल्या फ्लिंट इथे बांधली गेली. त्या वर्षी जेमतेम ३०० गाड्या निघाल्या आणि त्यातल्या एकीचीही बॉडी पत्र्याची नव्हती. ती काचतंतू आणि रेझिनची होती. पुढच्याच वर्षी, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये, एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढून एआर-१ नावाचा स्पीकर आणला. या दोन घटनांचा तेव्हा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. स्पोर्ट्स कारसाठी खास बेतून घेतलेल्या सबवूफर बॉक्सचा मागोवा घेताना मात्र दोन्हींपासूनच सुरुवात करावी लागते.

एआर-१ येईपर्यंत खोल बेस हवा म्हणजे घरात कपाटाएवढा स्पीकर ठेवणे आलेच. स्पीकरचा कोन जाग्यावर परत ओढून आणायचे काम त्याच्या कडेचे ताठ सस्पेन्शन करी, आणि कोन जास्त हलला की आवाज फाटे. व्हिल्चरने ते सस्पेन्शन मुद्दाम ढिले केले आणि बंद पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंग बनवले. हवेची स्प्रिंग त्या ताठ सस्पेन्शनपेक्षा सरळ वागते. पेटी लहान झाली, बेस खोल गेला. किंमत मोजावी लागली ती अ‍ॅम्प्लिफायरला, कारण असा स्पीकर वीज भरपूर खातो. हा व्यवहार नेमक्या शब्दांत मांडला जे. अँटन हॉफमन यांनी. खोल बेस, लहान पेटी आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. हॉफमन हे क्लॉसच्या पुढच्या कंपनीतले, केएलएच या नावातला ‘एच’ म्हणजे ते. त्यांचे वडील म्हणजे विख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन, आणि या वडिलांच्या नावावर मोटारीच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे पेटंट होते, हे वाचल्यावर मला फार आनंद झाला होता.

तरीही पेटी किती लिटरची, हे बरीच वर्षे अंदाजानेच ठरे. आकडा दिला तो ऑस्ट्रेलियाने. नेव्हिल थील यांचा १९६१ सालचा निबंध अमेरिकेत दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, पुन्हा छापला गेला. मग सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये लेखांमागून लेख लिहून ते गणित पुरे केले. आज स्पीकरच्या खोक्यातल्या कागदावर एफएस (कोनाची स्वतःची कंपनवारंवारता), क्यूटीएस (कंपन किती लवकर शमते), व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच स्प्रिंग देणाऱ्या हवेचे घनफळ) असे आकडे छापलेले असतात, ते या दोघांचे. समजा, क्यूटीएस ०.५ आणि व्हीएएस ३० लिटर आहे. ३० लिटरच्या बंद पेटीत एकूण क्यू ०.७०७ येतो, म्हणजे बेस सपाट, कुठेही फुगवटा नाही. पेटी १५ लिटरची केली तर तो ०.८७ होतो आणि किंचित उंचवटा येतो. स्पोर्ट्स कारवाल्याच्या सगळ्या वाटाघाटी या दोन आकड्यांच्या मधे चालतात.

गाडीत अडचण विजेची होती. चार ओहमच्या स्पीकरला बॅटरीतून सरळ वीस-बावीस वॉटच मिळतात. अ‍ॅरिझोनात जिम फॉसगेट यांनी १९७३ पासून गाडीसाठी वेगळे अ‍ॅम्प्लिफायर बनवायला घेतले, आणि त्या मार्गाने व्होल्टेज आतच वाढवून शेकडो वॉट मिळू लागले. हॉफमनच्या तीन अटींपैकी विजेची अट सोडून देणे आता परवडण्यासारखे झाले. १९८४ च्या कॉर्व्हेटमध्ये बोस कंपनीची ध्वनियंत्रणा पर्याय म्हणून आली. त्या एका गाडीच्या केबिनचा अभ्यास करून बेतलेल्या पेट्या, हा कंपनीचे संस्थापक अमर बोस यांचा आग्रह. गाडीनुसार पेटी ही कल्पना कॉर्व्हेटमध्ये कारखान्याच्या दारातून आत आली ती अशी.

आता मला ज्याचे सर्वांत जास्त अप्रूप आहे ते. दोन सीटच्या गाडीत जागा नाही म्हणून बेस मिळणार नाही, ही समजूत उलटी आहे. ध्वनिलहरीची अर्धी लांबी केबिनच्या लांबीपेक्षा मोठी झाली की आतली हवा एकदम दाबली आणि सोडली जाते. त्या वारंवारतेखाली दर सप्तकाला आवाज १२ डेसिबलपर्यंत चढत जातो. अडीच मीटरच्या केबिनमध्ये हे साधारण ७० हर्ट्झला सुरू होते, त्याहून लहान केबिनमध्ये आणखी वरून. बंद पेटीचा बेस खाली नेमका दर सप्तकाला १२ डेसिबलनेच उतरतो. उतार आणि चढ एकमेकांना भेटतात. काचा हलतात, फटींतून हवा निसटते, त्यामुळे प्रत्यक्षात लाभ थोडा कमी पडतो आणि छत उघडले की जवळजवळ जातोच. पण काचेच्या हॅचखाली केबिन आणि सामानाची जागा एकच असलेल्या कॉर्व्हेट कूपेसारख्या गाडीत लहान बंद पेटी ही तडजोड नाही. तिथे तीच योग्य आहे. गाडीच्या डिकीत सर्रास दिसणारी पोर्टवाली बेस ट्यूब तिथे नुसती घुमते, असे माझे ठाम मत आहे.

उरते ती वेडीवाकडी खोबण, चाकाच्या कमानीमागची. चौकोनी एमडीएफची पेटी तिथे निम्मी जागा वाया घालवते, म्हणून काचतंतू. आधी खोबणीला मास्किंग टेपचे आडवे-उभे थर, त्यावर फॉइल, त्यावर मेण. रेझिनमध्ये हार्डनर एक-दोन टक्के, जास्त घातला तर डब्यातच धूर निघतो. काचतंतूच्या मॅटचा तुकडा ठेवायचा आणि ब्रशने ओढायचा नाही, ठोकत जायचे, पांढरेपणा जाऊन तंतू पारदर्शक दिसेपर्यंत. पांढरा ठिपका राहिला म्हणजे आत हवा आहे. साचा निघाला की स्पीकर बसवायची १८ मिलिमीटर एमडीएफची कडी लाकडी दांड्यांवर उभी करून त्यावर फ्लीसचे कापड ताणतात, ते रेझिन पिऊन कडक होते. मग पुन्हा आतून थर. घनफळ मोजायला बीन बॅगचे थर्माकोलचे मणी आत ओततात आणि मापाच्या खोक्यात काढून मोजतात, त्यातून स्पीकरने व्यापलेली जागा वजा. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करावी. पोकळ वाजली तर आणखी दोन थर आणि आत एक आडवी दांडी. शेवटी कोन हलकेच दाबून सोडायचा. तो सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. एआर-१ मध्येही काचेचे तंतू होते, पण लोकरीसारखे आत भरलेले. इथे तेच पेटीची भिंत झाले.

२०२० च्या कॉर्व्हेटमध्ये इंजिन सीटच्या मागे गेले आणि हॅचखालची ती सामायिक हवाही गेली. आता पेट्या बनवणारे सीटमागची अरुंद फट शोधतात, तिथे जेमतेम ६४ मिलिमीटर खोलीचे चपटे स्पीकर बसवतात, खोबण स्कॅन करून लिटर आधीच काढतात. एवढ्याशा पेटीत क्यू एकच्या आसपास जातो, तो उंचवटा डीएसपीने (डिजिटल सिग्नल प्रोसेसरने) खाली ओढतात आणि खोल सुरांना वीज जास्त देतात. हॉफमनची तिसरी अट अजूनही अ‍ॅम्प्लिफायरच फेडतो आहे.