पिंजऱ्याची लांबीरुंदी आणि वाघाच्या येरझारा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील मुलांना वाघ दाखवावयाचा झाला, तर सहसा लोकलने भायखळ्याची राणीची बाग गाठली जाते. काचेपलीकडे वाघ येरझारा घालू लागला की गर्दीतून “काय ऐट आहे!” असे उद्गार निघतात, परंतु तीच वाट, तेच वळण आणि वळताना मानेला बसणारा तोच हिसका हे सर्व प्रयोजनाविना तासन्‌तास चालू राहिले, तर प्राणिवर्तनशास्त्र त्यास साचेबद्ध वर्तन म्हणते आणि त्याची गणना क्लेशाच्या लक्षणांत करते.

या येरझारांचे मूळ शिकारीची ऊर्मी न भागण्यात असावे, असा तर्क सहज सुचतो. रॉस क्लब व जॉर्जिया मेसन या संशोधिकांनी २००३ साली ‘नेचर’ नियतकालिकात अनेक मांसाहारी जातींचा तुलनात्मक हिशेब मांडून निराळेच दाखविले: रानात ज्या जातीचा मुलूख जितका विस्तीर्ण, तितक्या बंदिवासात तिच्या येरझारा अधिक आणि पिल्लांचे मृत्यूही अधिक. ध्रुवीय अस्वलाच्या पिंजऱ्याचे क्षेत्र त्याच्या लहानात लहान मुलुखाच्याही जेमतेम दशलक्षांश भरले. तेव्हा भिंत चार हात मागे सरकवून समाधान मानणारी पाहणी मला अपुरी वाटते.

मोजावयाचा तो प्राणीच. ठरावीक मिनिटांनी नजर टाकून निद्रा, भक्षण, हुंगणे, येरझारा अशा रकान्यांत खूण करीत जावे, आणि तेही निरनिराळ्या प्रहरी. कारण जेवणाआधीची घालमेल तर घरोघरी दिसते. विष्ठेतील ताण-संप्रेरकांचे अवशेष तपासल्यास सुई टोचण्याचीही गरज उरत नाही. उपायही नेहमीच खर्चिक नसतात: मांस झुडपांत दडवावे, अस्वलाचा मध ओंडक्याच्या भोकांत भरावा, म्हणजे अन्न शोधण्याचा उद्योग त्यांना परत मिळतो.

राणीच्या बागेत २०१६ साली आलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांच्या थंड दालनाचा केवढा गवगवा झाला! वस्तुतः हा पक्षी हिमप्रदेशाचा नव्हे. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर बिळांत आणि कपारींत घरटे करणारा. त्यास शीतयंत्राइतकीच निकड आडोशाची.

आडोसा दिला की मात्र प्रेक्षकांची तक्रार ठरलेली: पैसे मोजले आणि जनावर दिसलेच नाही. काच ठोठावून वाघाला उठविणाऱ्या महाभागांना पहारेकरी समज देऊ शकेल. पण त्यांच्या नाराजीस भिऊन झुडपे छाटणाऱ्या कारभारास कोण आवरणार? १९९२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून देशात प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. त्या मान्यतेच्या तपासणीत आडोशाचा रकाना लांबीरुंदीच्या आधी भरून घेण्यास काय हरकत आहे?