पद्मिनी पुन्हा उभी करताना : आधी काय, मग काय

मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून तयार होणाऱ्या मोटारीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. खासगी मालकांकडे उरलेल्या पद्मिनी जपण्याची जबाबदारी आता मालकांवर आणि त्यांच्या मिस्त्रींवर आहे. अशा जीर्णोद्धाराची कामे बहुधा कौशल्याच्या अभावाने अडत नाहीत. कामांचा क्रम चुकला की एकदा केलेले काम पुन्हा उकलावे लागते, खर्च दुप्पट होतो आणि अखेरीस गाडी सुट्या भागांच्या रूपात पोत्यांत पडून राहते.

म्हणूनच पाना हाती घेण्यापूर्वी उद्दिष्ट ठरवावे लागते. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, मात्र ते मूळ स्वरूपात असावे आणि त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. अशी नोंदणी हवी असेल, तर दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याचा मोह पहिल्याच दिवशी सोडावा लागतो. चेसिस आणि इंजिनावरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहणे हेही याच टप्प्यातील काम. गाडी चालू असेल, तर सुटी करण्यापूर्वीच इंजिनाचा दाब मोजून, गिअर आणि ब्रेक तपासून दोष लिहून काढावेत, कारण सुट्या झालेल्या गाडीत कोणता आवाज कुठून येत होता, हे नंतर शोधता येत नाही.

सर्वांत अधिक विचार पत्राकामाचा करावा लागतो. पद्मिनीला वेगळी चेसिस नसून तिचा सांगाडा आणि शरीर एकच आहे, म्हणजे दरवाज्यांखालची पोकळ पेटी, जमिनीचा पत्रा आणि खांब हेच मिळून गाडीचा भार पेलतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही पेटी आतून गंजते. ती कापून नवी बसवताना दरवाज्याच्या चौकटीला आतून तात्पुरते आडवे आधार लावले नाहीत, तर गाडी मधोमध झुकते आणि कितीही सुबक रंग दिला तरी दरवाजा नीट बसत नाही. म्हणून एका वेळी एकच बाजू कापावी आणि जोडकाम पक्के करण्यापूर्वी दरवाजे बसवून फटी तपासाव्यात. बंपर, जाळी, दिवे आणि पट्ट्यांची चाचणी जोडणीही याच अवस्थेत, रंगापूर्वी करावी, कारण रंग लागल्यावर पाडलेले प्रत्येक भोक गंजाला वाट देते. क्रोमचा मुलामा चढवण्यास भाग पाठवायचे ते या चाचणीनंतरच.

उघडा पत्रा पावसाळ्यात काही तासांतच तांबारतो, त्यामुळे घासलेल्या भागावर गंजरोधक प्रायमर त्याच दिवशी चढला पाहिजे. खोलगट भाग भरून काढणारी लांबी त्यानंतरची, आणि तीही गंज लपवण्यासाठी नव्हे. रंगकाम चालू असताना १०८९ सीसीचे इंजिन यंत्रशाळेत असावे, म्हणजे सिलिंडरचे रिबोअर आणि क्रँकचे घासकाम होईपर्यंतचा वेळ वाया जात नाही. रबर, काचा आणि ब्रेकचे किट मात्र शोधायला वेळ लागतो, त्यामुळे ते आधीच मिळवून ठेवावेत.

रंग सुकल्यानंतरची जोडणी आतून बाहेर सरकते: आधी वायरिंग, मग छताचे अस्तर, मग पुढची-मागची काच, आणि सर्वांत शेवटी गालिचा व आसने. जिथे अस्तराची कड काचेच्या रबराखाली दबते, तिथे काच आधी बसवली तर अस्तरासाठी ती पुन्हा काढावी लागते. गाडी प्रथम चालवण्याआधी ब्रेकच्या नळ्या, सिलिंडर आणि पट्टे नवे झालेले असावेत. ज्या पद्मिनीचे इंजिन उत्तम सुरू होते, पण ब्रेकची खात्री नाही, ती गॅरेजबाहेर काढू नये.