‘नाराज’ शब्दाचे कूळ

नेमका अर्थ

नाराज म्हणजे नाखूश, असमाधानी. कोशात एवढे पुरते, पण बोलण्यात या शब्दाची जागा फार नेमकी आहे. रागावलेला माणूस चार शब्द सुनावतो, रुसलेला अबोला धरतो. लग्नाची बोलणी करताना ज्यांना विचारलेच नाही ते थोरले काका मात्र लग्नाला येतात, आहेर करतात, अक्षता टाकतात आणि जेवणाला न थांबता निघतात. ते नाराज असतात. नाते तुटलेले नसते. त्यांची संमती तेवढी नसते. शब्दाच्या मुळातही हीच संमती आहे.

मूळ

संतुष्ट असणे, मान्य असणे या अर्थाच्या अरबी धातूपासून ‘राजी’ आला. नाराजमधला ‘राज’ त्याच धातूचा. राजा-राज्याशी त्याचा संबंध नाही. त्याला फारसीचा नकारार्थी ‘ना’ जोडला गेला. हा ‘ना’ मराठीने इतका आपलासा केला की घरच्या ‘पीक’ शब्दालाही तो लागला आणि ‘नापीक’ तयार झाला.

भावंडे

मर्जी, रजा आणि राजीनामा ही याच धातूची लेकरे. रजा म्हणजे आधी परवानगी. कामावर न येण्याची परवानगी म्हणून ती सुट्टी झाली. राजीनाम्याचा प्रवास सर्वांत लांबचा. शब्दशः तो संमतिपत्र. उत्तर भारतातल्या कोर्टकचेऱ्यांत आजही तडजोडीच्या कागदाला राजीनामा म्हणतात. इकडे मुंबई इलाख्यात जमीन स्वखुशीने सोडणारा खातेदार सरकारला राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. पद सोडण्याचा अर्थ अशाच व्यवहारातून रुळला असावा, असे मला वाटते.

असंतोष वेगळा

व्हॅलेंटाइन चिरोलच्या १९१० सालच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकामुळे टिळकांना ‘भारतीय असंतोषाचे जनक’ ही ओळख मिळाली. तिथे ‘नाराजी’ बसलीच नसती. नाराजी मनधरणीने जाते. टिळकांची मागणी स्वराज्याची होती. उमेदवारी न मिळालेल्यांसाठी वर्तमानपत्रे ‘नाराज’ लिहितात ते म्हणूनच चपखल आहे. त्यांची समजूत घालायला नेते घरी जातात.

वापर आणि उच्चार

आपण कोणावर तरी नाराज असतो. नाराजी ओढवून घेतो, पत्करतो, बोलून दाखवतो. ‘नाराज’मधला ज ‘जावई’तल्यासारखा, पण ई लागून ‘नाराजी’ झाली की तो ‘जीव’मधल्यासारखा उच्चारला जातो.