वारीचे ऊन आणि शरीराची प्रतिकारशक्ती

त्र्यंबकेश्वराहून निघणारी श्रीनिवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगर मागे टाकून कर्जत तालुक्यातील मिरजगावी येते, तेव्हा वारकऱ्यांची निम्म्याहून अधिक वाट सरलेली असते. एकंदर पल्ला चारशे किलोमीटरांहून मोठा; चाल जवळजवळ चार आठवड्यांची. हा मुलूख पर्जन्यछायेतला. मृगाने ओढ दिली, म्हणजे ज्येष्ठ संपत आला तरी येथील ऊन वैशाखाचे नाव सोडीत नाही. घरची वडीलधारी मंडळी वारीस निघाली, की मागे राहिलेल्या मुलासुनांच्या मनात एक शंका येतेच : इतके दिवस उन्हात चालून अंगातील प्रतिकारशक्ती खचणार तर नाही ना? या शंकेत तथ्य किती, हे आज आम्ही पाहणार आहोत.

श्रम सुरू होताच अ‍ॅड्रेनलिन व कॉर्टिझॉल ही द्रव्ये रक्तात वाढतात आणि त्यांच्या प्रेरणेने रक्तातील श्वेतपेशींची संख्या चढते. श्रम थांबल्यावर त्यांपैकी लिम्फोसाइट नावाच्या पेशी काही तास नेहमीपेक्षाही कमी दिसतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी पूर्ववत् होतात. या काही तासांत रोगास दार उघडे राहते, असे विद्वानांस पुष्कळ वर्षे वाटत असे. केपटाउन येथे १९८२ साली झालेल्या ५६ किलोमीटरांच्या शर्यतीनंतरच्या पंधरवड्यात सुमारे ३३ टक्के धावपटूंस सर्दी-घशाची लक्षणे दिसली; न धावलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. परंतु २०१८ साली इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाच्या कॅम्बेल व टर्नर या संशोधकांनी या मतास हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, या पेशी नष्ट होत नाहीत. रक्त सोडून त्या फुप्फुसे, आंतडी अशा ठिकाणी पहाऱ्यास जातात. शर्यतीनंतरच्या आजारांस गर्दी, प्रवास व अपुरी झोप हीही कारणे असू शकतात.

मग उन्हाचा वाटा कोणता? कॅनडात काही पुरुषांस पाण्यात बसवून सायकलीचा सारखाच व्यायाम देण्यात आला. एकदा पाणी गरम होते व एकदा थंड. थंड पाण्याने शरीराचे अंतःस्थ तापमान चढू दिले नाही, तेव्हा श्वेतपेशींची व त्या द्रव्यांची खळबळ पुष्कळच कमी झाली. म्हणजे शरीरास केवळ श्रम नव्हे, तर आतील उष्णताही हलवून सोडते.

खरा धोका याच्या पुढच्या पायरीस आहे. अंग थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे व स्नायूंकडे धावते आणि आंतड्यांस ते कमी पडते. आंतड्यांचे अस्तर सैल होऊन तेथील जंतूंचे विष रक्तात झिरपते. त्यास तोंड देण्यासाठी प्रतिकारशक्ती खवळते व सर्वांगास दाह होतो. अंतःस्थ तापमान ४० अंशांपलीकडे जाऊन बोलणे असंबद्ध होऊ लागले, की तो उष्माघात होय. प्रतिकारशक्ती येथे दुबळी होत नाही. ती अनावर होऊन घरच्यांवरच उलटते.

हे संकट केवळ वृद्धांचे नव्हे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबई येथील पोलिसभरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीच्या वेळी काही तरुण उमेदवार दगावले. आज पुरुष शिपायांसाठी हे अंतर १६०० मीटर आहे. परंतु भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी भर दुपारी धावू नये, हा बोध अंतरावर अवलंबून नाही.

कडाक्याच्या थंडीतील श्रमांची गोष्ट थोडी निराळी. जोराने आत घेतलेली थंड, कोरडी हवा श्वासमार्ग सुकविते. म्हणून बर्फावरून लांब पल्ला सरकणाऱ्या खेळाडूंत खोकला व दम्यासारखा त्रास अधिक आढळतो.

यावरून गृहस्थाने काय घ्यावे? वारीपूर्वी दहा ते चौदा दिवस रोज थोडे थोडे उन्हात चालण्याचा सराव केला, तर घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि शरीर उन्हास सरावते. मोठी मजल सकाळीच उरकावी. पाणी स्वच्छ असावे व मिठा-साखरेचा अंश पोटात जावा. झोपेची हेळसांड करू नये. रक्तदाबाची किंवा लघवी वाढविणारी औषधे चालू असल्यास आधी वैद्यांस विचारावे. अंगात ताप किंवा पोटात बिघाड असताना मात्र चालूच नये; आजारी शरीरास उष्माघात लवकर गाठतो. कोणी भोवळून बरळू लागला, तर त्यास सावलीत निजवून सर्वांगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

निरोगी माणसास वारीच्या चालण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. पण तापलेल्या अंगाने एखादी मजल बैलगाडीतून किंवा मोटारीतून केली, म्हणून वारी खंडित झाली असे घरातील कोणी म्हणू नये. हे एवढे वाक्य घरच्यांनी निघतानाच सांगितले, तर मिरजगावच्या उन्हात वृद्धांस थांबण्याचा संकोच वाटणार नाही.